थोरल्या अक्षरातली बाई

माझी आत्या डोक्यानं तापट आणि जिभेनं त्याहून तापट. मी तिच्यावरच गेलेय असं आई म्हणायची, आणि ते काही कौतुकानं म्हणायची नाही. आत्या राहुरीजवळच्या आमच्या वस्तीवर माहेरी येऊन राहिली होती, कारण नवरा हात उचलायचा. त्यानं बरीच वर्षं हात उचलला, मग एके दिवशी हिनं पिशवी उचलली. रोपवाटिकेत आंब्याची कलमं बांधायचं काम धरलं आणि कुणाच्या ताटाखालचं मांजर न होता राहू लागली. भावंडांत थोरली म्हणून घरात सगळे तिला अक्काच म्हणत.

तिनं पोटगी मागितली, तसा नवऱ्यानं उलटा डाव टाकला. बायकोनं परत नांदायला यावं म्हणून त्यानंच दावा लावला. नव्वदच्या दशकातली सुरुवातीची वर्षं, मी श्रीरामपूरला बी.ए. करत होते, म्हणून इंग्रजी कागद वाचायला माझ्या हातात आला. दाव्याच्या नकलेत सगळा मजकूर लहान एबीसीडीत होता आणि आत्याचं नाव तेवढं पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्या एबीसीडीत टाइप केलेलं होतं. नाव सासरचं. लग्नात नवऱ्यानं ताटात तांदूळ पसरून अंगठीनं लिहिलेलं, त्याच्या नावासकट आणि आडनावासकट.

वडिलांनी कपाळाला हात लावला. "शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हनत्यात ते काय उगं न्हाई. हुकूम आला तर अक्काला पोचवावंच लागंल." ते अक्काचे धाकटे भाऊ, पण घरातले पुरुष म्हणून त्यांचा शब्द शेवटचा. मला त्यांचा असा राग आला की मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना ते कळलंसुद्धा नाही, हा भाग वेगळा.

आत्या मात्र कागद घेऊन तहसील कचेरीसमोर गेली. तिथं लिंबाखाली एक टायपिस्ट बसायचा. लोक त्याला डोक्यावर पडलेला समजत. त्याचा कुणी मेव्हणा बोटीवर नोकरीला होता आणि त्यानं परदेशातून एक अजब कायदा ऐकून आणला होता. सरकारी कागदावर नाव सगळं मोठ्या अक्षरांत असलं की ते जित्या माणसाचं नाव नव्हे, सरकारनं कागदावर बनवलेल्या बाहुल्याचं, आणि बाहुल्याला आलेल्या नोटिसा माणसानं घ्यायच्या नाहीत. या कायद्यावर भिस्त ठेवून टायपिस्टनं विजेचं बिल परत पाठवलं होतं. पुढच्याच महिन्यात त्याची वीज तोडली. तरी गडी हटला नव्हता, रॉकेलच्या दिव्याच्या उजेडात बसून म्हणायचा, माझी नाही तोडली, बाहुल्याची तोडली.

आत्या घरी आली ती वेगळीच होऊन. भाकरी थापता थापता म्हणाली, "पोरी, ही थोरल्या अक्षरातली बाई मी न्हाई. ज्याला पायजे त्यानं तिला न्यावं नांदवायला."

मी चिडून म्हटलं, "आत्या, अगं हा कायदा नाही, हा शुद्ध वेडेपणा आहे. मराठीत कुठं आहेत मोठी नि छोटी अक्षरं?"

"तेच म्हनते मी. मराठीत न्हाईत म्हनून तर हितं कुनाच्या ध्यानात येत न्हाई."

मी पालथ्या घड्यावर पाणी घालायचं सोडून दिलं. पण खरं सांगते, दाव्याचा कागद आल्यापासून खाली मान घालून जेवणारी ती बाई त्या रात्री दुसरी भाकरी मागून घेऊन जेवली, आणि मला ते बघून बरं वाटलं.

तारखेला वडील, आत्या आणि मी तालुक्याच्या कोर्टात गेलो. तिच्या वकिलानं बजावून ठेवलं होतं, बाई, तुम्ही तोंड उघडायचं नाही. पुकारा झाला. तेच नाव शिपायानं खणखणीत म्हटलं आणि आत्या जागची हलली नाही. दुसऱ्यांदा पुकारलं, तरी नाही. वकील ओढायला लागला तेव्हा कुठं ती पुढं झाली आणि थेट न्यायाधीशांना म्हणाली, "साहेब, ती बाई आली न्हाई. मी दुसरी हाय."

सगळे वकील हसले. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी विचारलं, तिनं थोरल्या अक्षरांचं सगळं पुराण सांगितलं. मला वाटलं आता जमीन दुभंगावी. न्यायाधीश शांतपणे म्हणाले, "बाई, तुम्हाला कुणीतरी चुकीचं सांगितलंय. इंग्रजीत नाव मोठ्या अक्षरांत लिहिलं काय आणि लहान लिहिलं काय, माणूस तोच. असा कायदा नाही."

संपलं, असं मला वाटलं. वडील जमिनीकडं बघत होते. मग आत्या म्हणाली, "ऱ्हाऊ द्या साहेब. पन बारक्या अक्षरात तरी ते माझं कुठं हाय? माझ्या बानं ठिवल्यालं न्हाई ते. ह्यांनी तांदळात लिवलं. माझं नाव काय हुतं, ते ईचारा ह्यांना."

न्यायाधीशांनी तिच्या नवऱ्याकडं पाहिलं. "सांगा."

त्यानं आपल्या वकिलाकडं पाहिलं. वकिलानं कागद चाळले. कागदात ते कशाला असेल? नवरा घसा खाकरून म्हणाला, "अक्का."

या वेळी कुणी हसलं नाही. एवढी वर्षं संसार केलेला माणूस, सासुरवाडीत कानावर पडायचं तेवढंच त्याला माहीत होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि आत्या मात्र ताठ उभी, पदर खोचून.

त्या एका शब्दावर दावा निकाली निघाला असं काही नाही. पुढची तारीख पडली, कोर्टात असतं तसं. पण बाहेर आल्यावर नवऱ्याची माणसं गोडीगुलाबीनं समजूत काढायला आली, तेव्हा वडील त्यांना म्हणाले, "हुकूम आना न्हाईतर आनू नका. माझी भैन येनार न्हाई." मी वडिलांना तसं बोलताना त्याआधी ऐकलं नव्हतं. आणखी दोन तारखांना नवरा आलाच नाही, आणि कोर्टानं दावा काढून टाकला.

त्या पहिल्या तारखेला, परतताना एसटी स्टँडवर चहा पिताना माझ्यातली शहाणी काही गप्प बसेना. म्हटलं, "आत्या, बघितलंस ना? थोरल्या अक्षरांचं सगळं खोटं निघालं."

"निघंना का," आत्या म्हणाली. बशीतला चहा तिनं फुंकला. "माझ्या लग्नात मला कुनी ईचारलं न्हाई, नाव बदलताना ईचारलं न्हाई, मारताना तर न्हाईच न्हाई. पयल्यांदा एक मानूस भेटला जो म्हनला, बाई, तू न्हाई म्हनू शकती. आता तो येडा हुता, त्याला मी काय करू?"