खिळ्याचं पिंप आणि चंद्राचा टब

"डोळे आहेत का खोबणी? सांग ना! डोळे आहेत का नुसत्या खोबणी?"

मिस्त्रीचा आवाज परसातून आला, तेव्हा त्याची बायको स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी होती. हातात रजईची ओली खोळ, आणि खोळीतून पाणी तिच्या पायांवर ठिबकत होतं.

"पांढऱ्या धातूचा कार्बोरेटर निळ्या पिंपात टाकलास? अरे, आपल्या घरातल्या बायकांनासुद्धा एवढं कळतं!"

खिडकीतल्या बायकोला काही ते कळलेलं नव्हतं. पिंपात टाकलं होतं ते तिनेच.

मिस्त्रीसमोर त्याचा धाकटा भाऊ उभा होता. त्याच्या हातात तारेचा आकडा, आणि आकड्याला काहीतरी लोंबत होतं. उंदराने कुरतडलेल्या बिस्किटासारखं, राखाडी, भोकाभोकांचं. तासाभरापूर्वी तो शिंप्याच्या गाडीचा कार्बोरेटर होता.

धाकट्याने एकदा आकड्याकडे पाहिलं. मग तो भाग ज्या टबात ठेवला होता त्याची जागा पाहिली, तिथे टब नव्हता. मग मान वळवून खिडकीकडे पाहिलं. वहिनीच्या हातातली खोळ पाहिली. आणि पुन्हा भावाकडे वळून म्हणाला, "चुकलं दादा माझं."

वहिनीचं तोंड उघडलं होतं. 'अहो' एवढं ओठांवर आलंही होतं. पण ते घरातल्या बायकांचं वाक्य असं काही घशात आडवं बसलं की 'अहो' आत गेलं ते गेलंच. ती मागे सरली आणि खोळ पिळत बसली. पिळून कोरडी झाली तरी पिळत होती.

आता यात काय एवढं, असं कुणाला वाटेल, म्हणून त्या घरचं काम सांगायला हवं. पुढे मिस्त्रीचं गॅरेज, मागे दोन खोल्या, आणि त्यामागे परस. मिस्त्री जुन्या गाड्या दुरुस्त करायचा आणि धाकटा त्यांचा गंज काढायचा. लग्न त्याने केलं नाही, विचारलं की म्हणायचा, "माझ्या अंगाला येतो तो वास कुठली बाई सोसेल?" परसात त्याचं राज्य. पहिल्यांदा सुटे भाग रॉकेलने धुवायचे, वंगण निघालं पाहिजे. मग प्रत्येकाला तार बांधून निळ्या पिंपात सोडायचं. त्यात कडक ॲसिड. लोखंडावरचा गंज ते असा खातं की बघत राहावं. तिथून काढलं की लगेच धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात, नाहीतर ॲसिड लोखंडालाच खात बसतं. मग ब्रश, मग फडकं, मग तेल.

पण सगळंच काही लोखंड नसतं. कार्बोरेटरसारखे नाजूक भाग पांढऱ्या हलक्या धातूचे. त्यांच्यासाठी पांढरा प्लास्टिकचा टब, त्यात लिंबाचं सत्त्व पातळ करून, तेही अर्धा तास, घड्याळ लावून. निळ्या पिंपात तो धातू गेला की संपला.

वहिनीला त्या घरात येऊन तेव्हा चारच वर्षं झाली होती. तिचा स्वतःचा टब तळाला चिरला होता. खोळ भिजवायची होती. धाकटा सोडा आणायला गेला होता. तिने टबात डोकावलं. एक भाग आणि थोडं आंबट पाणी. तिने विचार केला तो असा: इथेही आंबट, तिथेही आंबट, मग मोठ्यात गेलं तर लवकरच निघेल. तारेच्या आकड्याने भाग उचलला, पिंपात अलगद सोडला, झाकण नीट लावलं. टबातलं पाणी बादलीत काढून ठेवलं, वाया जायला नको म्हणून. पिंपातून फसफस ऐकू आली तेव्हा तिला वाटलं, वा, जोरात काम चाललंय. दुकानात गर्दी होती, धाकट्याला उशीर झाला. ती खोळ धूत गाणं म्हणत होती. ते गाणं तिने पुन्हा कधी म्हटलं नाही.

शिंपी संध्याकाळी आला. गाडी त्याच्या वडिलांची, वडील नुकतेच गेलेले, आणि तसला कार्बोरेटर तर कुठे मिळायचा नाही. मिस्त्रीने तो राखाडी तुकडा फडक्यावर ठेवून पुढे केला. शिंप्याने तो रुमालात बांधून घेतला. एक शब्द बोलला नाही. गाडी दोर लावून ओढून नेली.

नंतर मात्र बोलला, आणि सगळ्या गल्लीत बोलला. त्याची जीभ त्याच्या सुईपेक्षा टोकदार. "काय द्यायचं ते द्या त्या गॅरेजात," म्हणायचा, "पण विरघळेंच्या हातात देऊ नका." आठवडाभरात धाकट्याचं नाव विरघळे पडलं. दूधवाला विरघळे म्हणायला लागला, गॅरेजातले कामगार म्हणायला लागले, आणि हसत हसत मिस्त्रीही. "आजपासून नट, बोल्ट आणि पट्ट्या," मिस्त्रीने भावाला बजावलं होतं. "नाजूक काही तुझ्याकडे येणार नाही." नाजूक कामं गावाच्या दुसऱ्या टोकाला, दुसऱ्या माणसाकडे जायला लागली.

वहिनी रोज ठरवायची, आज सांगते. सकाळी वाटायचं, नवरा चहा घेतोय, घेऊ दे. दुपारी वाटायचं, दमून आलाय. रात्री तर काय, तो घोरायचाच. असे दहा दिवस गेले. अकराव्या दिवसापासून आणखी एक अडचण: दहा दिवस गप्प का बसलीस, याचं उत्तर तिच्याजवळ नव्हतं. आणि तिने स्वतःची अशीही खात्री करून घेतलेली होती की धाकट्याला काही ठाऊक नाही. स्वतःच विसरून आपण पिंपात टाकलं असेल, असं त्याला वाटत असेल. निदान तिला तसं वाटून घ्यायचं होतं.

मग एका सकाळी तिने परसात पाहिलं, तर धाकटा उकिडवा बसून झाकणं रंगवत होता. पिंपाच्या निळ्या झाकणावर त्याने एक भला मोठा खिळा काढला. टबावर ठेवायला एक फळी आणली होती, तिच्यावर पांढरा चंद्र काढला, वाटोळा, पुनवेचा.

एक कामगार कमरेवर हात ठेवून बघत होता. "विरघळे, बालवाडी काढलीत की काय? सरळ 'लोखंड' लिहा की!"

"चित्र बरं दिसतं," धाकटा म्हणाला.

"मग ससापण काढा एक."

"रंग उरला तर काढतो."

सगळे हसले. वहिनी हसली नाही. गॅरेजात काम करणाऱ्या सगळ्यांना वाचता येत होतं. त्या घरात वाचता न येणारं माणूस एकच होतं, आणि ते खिडकीत उभं होतं. माहेरी दोन इयत्ता कशाबशा झाल्या होत्या. पुढे अक्षरं सुटली ती सुटलीच.

तिने खिडकी लावून घेतली. भर दिवसा.

धाकट्याचा एक नेम होता. दर शनिवारी तो सोडा आणायला जायचा. निघताना खिडकीशी थांबून विचारायचा, "वहिनी, तुम्हाला काही आणायचंय?" ती म्हणायची, "काही नको भावजी." तरी तो चार पुडे आणायचा. तीन परसात, चौथा खिडकीत, तिच्या कपड्यांसाठी. त्या कार्बोरेटरनंतरचा पहिला शनिवार आला, तेव्हा तिला वाटलं होतं, आज काही पुडा यायचा नाही. आला. तिने तो दोन दिवस उचलला नाही. तिसऱ्या दिवशी नवऱ्याचे कपडे साठले म्हणून उचलावा लागला.

वर्षं गेली. वहिनीला मुलगी झाली, ती चालायला लागली, बोलायला लागली. सहा वर्षांची असताना जेवताना तिने विचारलं, "विरघळेकाका, माझी लाल पेन्सिल तुम्ही विरघळवलीत का?"

मिस्त्रीला ठसका लागला हसता हसता. धाकटाही हसला. "हो गं. चव बरी होती."

"काकाला असं म्हणायचं नाही," वहिनी मुलीवर ओरडली, इतक्या जोराने की मुलगी रडायलाच लागली.

"बाबा म्हणतात की!"

"लेकराला काय रागावता वहिनी," धाकटा म्हणाला. "नाव आहे, हाक मारायलाच असतं."

आणि त्याच पावसाळ्यात एका दुपारी, चहा उकळत होता, दूध उतू जाण्याच्या बेतात होतं, घाईघाईत तिने परसाकडे तोंड करून हाक मारली, "विरघळे भावजी, चहा!"

बाहेर पडलेला शब्द काही आत घेता येत नाही. धाकटा नेहमीसारखाच आला, हात धुतले, उंबऱ्यावर बसून चहा प्यायला, कप विसळून पालथा ठेवला. "छान झालाय," म्हणाला. दूध तेवढ्यात उतू गेलं होतं. ती शेगडी घासत राहिली. त्या दिवशी तिला स्वतःच्या तोंडाची इतकी लाज वाटली की नवऱ्याने विचारलं, "दात दुखतोय का?" आणि ती म्हणाली, "हो."

कामात धाकटा वाकबगार होता, हे सांगायला हवं. बोल्टांचा गंज असा काढायचा की आटे जसेच्या तसे. प्रत्येक तारेला गाठी मारायचा: एक गाठ चाकाची, दोन गाठी इंजिनाच्या, तीन दरवाजाच्या. ढिगातला कुठलाही बोल्ट उचलून सांगायचा, हा कुठला. बोटांची टोकं ॲसिडने पांढरी पडून भेगाळली होती. टब मात्र तो रिकामाच ठेवायचा, घासून, पुसून, चंद्राची फळी वर. कुणी विचारलं तर म्हणायचा, "असू दे. जागा कुठे खातोय?"

शिंप्याच्या कार्बोरेटरला अशी अडतीस वर्षं झाली. मग एक दिवस गॅरेजात एक जुनी गाडी आली. मिस्त्री जेवायला बसला तो खुशीत होता. "अगदी त्या शिंप्याच्या गाडीसारखी आहे बघ. तसाच कार्बोरेटर. पांढरा पडलाय नुसता." घास उचलता उचलता म्हणाला, "बाहेरच द्यायला हवा. आपल्या विरघळेंच्या हातात पडला तर पुन्हा बिस्किट!"

वहिनी वाढत होती. तिच्या हातातली पळी भांड्यात परत गेली.

"तो मी टाकला होता," ती म्हणाली.

"काय टाकलंस?"

"शिंप्याचा. निळ्या पिंपात. मला टब हवा होता, खोळ भिजवायला. भावजी घरातही नव्हते."

मिस्त्रीचा घास हातातच राहिला. तो म्हणाला, "मग तो बोलला का नाही?"

"मीही कुठे बोलले?"

तो तिच्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं. तिने त्याची तयारी अडतीस वर्षं केली होती. पण तो उठला, हात धुतले, आणि ताट तसंच ठेवून गॅरेजात जाऊन बसला. बोलून टाकलं की हलकं वाटतं म्हणे. तिला काही वाटलं नाही. उलट आतापर्यंत लपवलेली स्वतःची लाज आता नवऱ्याच्याही डोळ्यांत दिसायला लागली.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, मिस्त्री कार्बोरेटर घेऊन परसात गेला. मागोमाग कामगारही गेले, काय आहे बघायला. मिस्त्रीने भावाला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारली. कामगारांनी इकडेतिकडे पाहिलं, की हा कुणाला बोलावतोय.

"हा तू कर," मिस्त्री म्हणाला. "तुझ्या टबात कर. शिंप्याचा तू नव्हतास घालवला. मला काल कळलं." मग कामगारांकडे वळून म्हणाला, "ऐकलं ना सगळ्यांनी? याने नव्हता घालवला."

कुणी घालवला, ते तो बोलला नाही. पण खिडकी उघडी होती, आणि ती या वेळी मागे सरली नाही.

"मी घालवला होता," ती खिडकीतून म्हणाली. आवाज चिरका आला. एक कामगार खोकला, दुसऱ्याने पायातली चप्पल नीट केली.

धाकट्याने कार्बोरेटर दोन्ही हातांत घेतला. नाकाजवळ नेला, उजेडाकडे धरला, भेगाळलेला अंगठा त्याच्यावरून सावकाश फिरवला. चेहरा जरासा उजळला. मग त्याने तो भावाच्या हातात परत ठेवला.

"दादा, यातली बारीक भोकं आता दिसत नाहीत रे मला," तो म्हणाला. "हातही थरथरतो. कुणी डोळेवाला बघ."

"प्रयत्न तर कर."

"नको. दुसऱ्याची वस्तू आहे."

मिस्त्री कार्बोरेटर घेऊन तसाच उभा राहिला. कामगार एकेक करून पांगले. धाकटा खिडकीशी आला.

"कशाला बोललात वहिनी? बरं चाललं होतं की."

"कुणाचं बरं चाललं होतं भावजी?"

"दोन-चार वर्षं जड गेलं," तो म्हणाला. "मग सवय झाली." आणि खुंटीवरची कापडी पिशवी काढत म्हणाला, "सोडा आणायला निघालोय. तुम्हाला काही आणायचंय?"

तिला खूप काही म्हणायचं होतं. "काही नको," ती म्हणाली.

पुढच्या शनिवारी तो नव्हता. बुधवारीच, दुपारच्या झोपेत, कुणाला काही न सांगता गेला. पण या शनिवारी तो दुकानात गेला आणि आला, नेहमीसारखा. वाटेत दोनदा टेकला, एवढंच. तीन पुडे परसात ठेवले. फळीवरची धूळ फडक्याने पुसली, चंद्र नीट वर आला. मग चौथा पुडा घेऊन खिडकीशी आला. मिठाचा आणि सोड्याचा पुडा दिसायला सारखाच, न वाचता ओळखायचा तर फरक फक्त चित्राचा. त्याने पुडा खिडकीत ठेवला आणि फिरवून चित्राची बाजू आत केली, तिला दिसेल अशी.