साहेबांचा पाहुणचार

सौंसरच्या इंदूबाई गजभिये बोरगावजवळच्या एका खेड्यात प्राथमिक शाळेवर होत्या. गोष्ट १९८४ची. शाळेला दोन खोल्या होत्या, पितळेची घंटा होती, संडास मात्र नव्हता. पोरं आणि हेडमास्तर सुधाकरराव नाल्याकडे जात. एकट्या बाईमाणसानं जायचं कुठं? इंदूबाईंनी उपाय काढला: सकाळी घर सोडल्यापासून परत येईपर्यंत पाण्याचा घोट घ्यायचा नाही, आणि कळ आली तरी दाबून धरायची.

हे नऊ वर्षं चाललं. पोट आठवड्यातून दोनदा साफ व्हायचं, तेही अर्धा तास कुंथल्यावर. मग डावा कुल्ला दुखू लागला. खुर्चीवरून उठताना तोंडातून "आई गं" निघायचं.

"काऊन लंगडून राहिली?" नवरा, वामनराव, विचारायचा. त्यानं तेल चोळून पाहिलं, शेजारच्या मनकर्णाबाईनं गरम विटेनं शेकलं. उतार पडेना. शेवटी इंदूबाई पांढुर्ण्याला डॉक्टरीणबाईंकडे गेल्या.

डॉक्टरीणबाईंनी कंबर दाबून पाहिली आणि विचारलं, "पोट साफ होते का?"

"मी कंबर दाखवायले आली जी."

"तेच पाहून राहिली. कण्याचं बूड कुल्ल्याच्या हाडांना जोडलेलं असते, तिथंच तुमचं दुखते. रोज कुंथून कुंथून खालचे स्नायू आवळले, की तो सांधाही ओढला जाते. दुसरं कारणही असू शकते, पण आधी पाणी प्या. कळ दाबू नका."

"अन् जाऊ कुठं?"



संडासासाठी दोन अर्ज इंदूबाईंनी आधीच केले होते. तिसरा केला नाही. मार्चमध्ये निरीक्षक साहेब तपासणीला आले, तेव्हा इंदूबाईंनी पाहुणचाराचं काम स्वतःकडे मागून घेतलं. आल्याआल्या तांब्याभर पाणी. मग चहा. मग दोन ग्लास ताक. मग संत्री.

"आपल्या भागातली आहेत साहेब, नाही म्हणू नका."

साहेबांनी सात खाल्ली.

चौथीचे पाढे ऐकताना साहेब खुर्चीत वळवळू लागले. सतराच्या पाढ्याला त्यांना घाम फुटला. "बाई, इथं... सोय कुठं आहे?"

"नऊ वर्षांपासून शोधून राहिली साहेब," इंदूबाई अदबीनं म्हणाल्या. "तुम्हाले सापडली तर मलेबी सांगा."

नाल्यावर बायका धुणं धूत होत्या. जीपचा ड्रायव्हर गावात गेला होता. साहेब शाळेमागच्या, तूर कापून मोकळ्या झालेल्या शेताकडे पळत सुटले. आडोशाला एक झुडूपही नव्हतं. सगळा वर्ग खिडकीशी जमला.

"लक्ष पाटीकडे!" इंदूबाई ओरडल्या, पण जरा उशिरानंच.

दिवाळीआधी शाळेत पक्का संडास बांधून झाला. इंदूबाई भरपूर पाणी पिऊ लागल्या, डॉक्टरीणबाईंनी शिकवलेला व्यायाम करू लागल्या. पोट महिन्याभरात ताळ्यावर आलं. सांध्यानं वर्ष घेतलं, आणि थंडीत तो तरीही कुरकुरायचा.

संडासाची चावी त्यांनी स्वतःच्या पदराला बांधली. सुधाकररावांना वर्गासमोर येऊन ती मागावी लागायची.

"अर्जंट आहे का, सर?" इंदूबाई विचारायच्या, आणि सावकाश गाठ सोडायच्या.