टक-टक

सूड विसरावा असं शहाणी माणसं सांगतात. मी शहाणा नाही. एकोणीसशे साठ ते सत्तरच्या दरम्यानचा एक सूड मी अजून जपून ठेवलाय, आणि तो आठवला की आजही पोटभर जेवल्यासारखं वाटतं.

नऊ वर्षं मी एअरफोर्समध्ये वायरलेसवर काढली. आमच्या घरानं बौद्ध धम्म स्वीकारला तेव्हा मी ट्रेनिंगला होतो. सुटून गावी आलो, तर सांगलीजवळच्या माळावर उसावर औषध फवारायचं विमान आलेलं. वैमानिक अमेरिकन. त्याच्याशी जमिनीवरून बोलायला माणूस हवा होता, तो मी झालो.

आमची शिस्त इंग्रजांच्या हाताखाली तयार झालेली. खालून दिलेली सूचना वैमानिकानं परत म्हणून दाखवायची. तोवर ती पोचली असं धरायचं नाही. या गड्याची तऱ्हा निराळी. त्याच्या मुलखातले लहान विमानवाले ‘रॉजर’, म्हणजे ‘कळलं’, एवढंच म्हणून मोकळे होत, नाहीतर माइकचं बटण नुसतं दोनदा दाबत. आपल्या कानात टक-टक, की झालं काम. हवेचा दाब मी मिलिबारमध्ये सांगायचो, तो इंचांत मागायचा. त्यावर मी मिलिबारचे इंच करायचा तक्ता हातानं लिहून वायरलेस सेटला चिकटवला. टक-टक मात्र एकदाही चालवून घेतली नाही. ‘पुन्हा म्हण,’ म्हणायचो. तो हसायचा आणि म्हणून दाखवायचा.

फवारणीवर नेमलेला साहेब साताऱ्याचा, बड्या बागायतदार घरातला. त्याला हे बघवेना. एका सकाळी सगळ्या माणसांसमोर त्यानं माझ्या हातातला माइक हिसकावला.

“पाव्हण्या माणसाला शाळंतल्या पोरागत पाढं म्हणाय लावतोस व्हय रं? तुमा लोकास्नी चार अक्षरं आली, की लगेच डोस्क्यावर बसताय.”

‘तुमा लोकास्नी’ हे माझ्या एकट्यासाठी नव्हतं, आमच्या सगळ्या वस्तीसाठी होतं. उद्यापासून सेटवर तो स्वतः बोलणार आणि मी विमानाला ओळ दाखवायला शेताच्या टोकाला पांढरं निशाण धरून उभा राहणार, असं ठरलं. निशाणवाल्याच्या अंगावर औषधाचे तुषार येतात. त्या दिवशी मला भाकरी गोड लागली नाही.

दुसऱ्या दिवशी पलूसकडे बड्या मंडळींना फवारणी दाखवायची होती. पाहुणे उसाच्या पश्चिमेच्या बांधावर, कडक इस्त्रीच्या कपड्यांत. सेट जीपमध्ये. मी निशाण न्यायला तिथंच थांबलो होतो. साहेब इंग्रजीत एका दमात म्हणाला, “पूर्वेकडून आत ये, पश्चिमेच्या बांधावर माणसं आहेत, त्यांच्या आधी औषध बंद कर.”

टक-टक.

आमच्याकडेही समोरच्याचं बोलणं संपायच्या आत ‘व्हय, व्हय’ म्हणायची खोड आहे. साहेबाला ती टक-टक तशीच गोड वाटली. माइक ठेवून तो पाहुण्यांत जाऊन उभा राहिला. वैमानिकानं किती ऐकलं, हे टक-टक सांगत नाही, हे मला ठाऊक होतं. ‘साहेब, परत म्हणून घ्या,’ एवढंच बोलायचं होतं. बोललो नाही. मुद्दाम बोललो नाही. निशाण उचललं आणि पूर्वेच्या टोकाला चालू लागलो.

विमान माझ्या डोक्यावरून उसात शिरलं आणि औषध सोडत थेट पश्चिमेच्या बांधापलीकडे गेलं. मंडळी टोप्या सांभाळत पळत सुटली. नंतर सगळ्यांना विहिरीच्या इंजिनाच्या पाण्याखाली उभं करून धुतलं. दोन दिवस डोळे लाल राहिले, त्यापलीकडे कुणाला काही झालं नाही. झालं असतं तर? हे मी स्वतःला विचारून पाहिलंय. उत्तर चांगलं नाही, म्हणून इथं देत नाही.

वैमानिकानं खाली उतरून सांगितलं की त्याला पहिला निम्माच भाग ऐकू आला होता. परत म्हणायला लावणारा माणूस सेटवर बसल्याशिवाय इंजिन चालू करणार नाही, असंही त्यानं बजावलं.

पुढच्या दिवशी सकाळी जीप आमच्या वस्तीत आली. साहेब दारात उभा. “चल बाबा. नऊनंतर वारं सुटतंय.”

“या साहेब, बसा,” मी म्हटलं. “च्या घेतल्याबिगर आमच्या घरनं कुणी जात न्हाई.”

तो घड्याळाकडे बघत राहिला. “लय उशीर होतोय रं.”

“तुमी घ्या, की मी उठलोच.”

बायकोनं चूल पेटवली. कधी नव्हे ती सावकाशीनं गूळ फोडला, शेजारणीकडून दूध आणलं. तोवर दारात निम्मी वस्ती जमली होती. म्हातारी माणसं पुढं सरकून उभी राहिली. जीपचा ड्रायव्हरही मान वळवून बघत होता. साहेबाच्या पुढ्यात कप आला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी अजून चपला घातल्या नव्हत्या.

तो प्यायला. तोंड भाजलं तरी प्यायला. कप खाली ठेवला, तशी बायकोनं न विचारता तो पुन्हा काठोकाठ भरला.