नाणेघाटातला सत्कार

आमच्या कॉलेजात इतिहास परिषद भरली, तेव्हा प्राचार्यांनी पाहुण्यांच्या सहलीचं काम माझ्या गळ्यात मारलं. मी शिकवते वाणिज्य. लेणी म्हटलं की मला पायऱ्या आणि माकडं एवढंच आठवतं. पण मी बोरीच्या शेतकरी घरातली, त्यामुळे गाडी, जेवण आणि पाणी मला उपजतच जमतं, असा त्यांचा समज. खरं सांगायचं तर परिषदेचे पाहुणे फिरवणं म्हणजे लग्नाचं वऱ्हाड सांभाळणंच. फरक इतकाच की नवरा-नवरी नसतात, रुसायला मात्र सगळेच तयार असतात.

पहिला दिवस छान गेला. शिवनेरी झाली, संध्याकाळी लेझीम झालं, रात्री मासवडीवर सगळे तुटून पडले. दुसऱ्या दिवशी नाणेघाट. बसमध्ये पुढच्या सीटवर नागपूरच्या एक निवृत्त प्राध्यापिका बसल्या होत्या, पाहुण्यांत सगळ्यात वडील. घाटातल्या गुहेत सातवाहन राणीचा शिलालेख आहे, तो त्यांनी सगळी नोकरीभर शिकवला होता, पण फोटोवरून.

"एकदा आले होते गं," त्या मला म्हणाल्या, "पण धुक्यात स्वतःचा हात दिसेना. आता हे गुडघे म्हणतात, ही शेवटची सहल. उन्हं कलली की तिरप्या उजेडात ती झिजलेली अक्षरं वर येतात म्हणे. तेवढं एकदा डोळ्यांनी बघायचंय."

मी म्हटलं, "मॅडम, वेळेत पोचवते." आणि मनापासून म्हटलं.

घाटाच्या अलीकडच्या गावात दुपारचं जेवण ठेवलं होतं. तांदळाची भाकरी, हुलग्याची शेंगोळी, वर कच्चा कांदा. पाहुणे बोटं चाटत उठले आणि मी त्यांना बसकडे वळवणार, तेवढ्यात सरपंचांनी शाळेच्या हॉलचं दार उघडलं. आत खुर्च्या, माईक, बॅनर आणि टेबलावर भगव्या फेट्यांची ही रास!

मी त्यांना बाजूला घेतलं. "भाऊ, फोनवर तुम्ही साधासा सत्कार म्हणाला होतात ना?"

"मॅडम, साधाच हाय की. बँड कुटं लावलाय?"

फेटे बांधणारा माणूस एकच. तोही असा की प्रत्येक घडी घातल्यावर दोन पावलं मागं जाऊन बघणार आणि मान हलवून परत सोडणार. आधी गावाच्या इतिहासावर भाषण, मग लहानांपासून सुरुवात, मानाचा फेटा सगळ्यात शेवटी. म्हणजे नागपूरच्या मॅडमचा नंबर शेवटचा. पाहुण्यांकडून काही मदत होईल म्हणावं, तर ते खुशीत होते. ज्याचा फेटा होई तो बाहेर पळून सेल्फी काढी.

उन्हं खिडकीतून आत सरकायला लागली. मी पुन्हा सरपंचांकडे गेले. मॅडमना तेवढं पुढं नेऊ का, असं विचारलं, तर त्यांचा चेहरा उतरला.

"मोठ्या पावण्याच उठून गेल्या तर मान कुनाला द्यायचा? आमच्या गावात असं कदी झालं न्हाई, मॅडम."

मला इतका संताप आला की रडू फुटायचं बाकी होतं. ह्यांच्या प्रेमाला लाथही मारता येईना. मॅडम मात्र हातात नारळ धरून भिंतीवरचं ऊन बघत बसल्या होत्या, आणि तेच मला बघवत नव्हतं.

जेवण रांधणारी बाई उष्टी आवरून हॉलच्या दाराशी आली होती. तिनं मॅडमकडे पाहिलं आणि सरळ जवळ येऊन विचारलं, "आजी, तोंड का उतरलंय? शेंगोळी तिकाट झाली का?"

मॅडमनी तिला सगळं सांगितलं. गुहा, अक्षरं, उजेड. बाईनं पदराला हात पुसले आणि भर सभेत आवाज टाकला.

"ओ सरपंच! ह्या आजीला जायाचंय गुहेत, आन् तुमी हितं बसवून ठिवलंय व्हय? मान तितंच करा की. तितं काय फेटा डोक्यावर ऱ्हात न्हाई का?"

सरपंचांनी माईककडे पाहिलं, बॅनरकडे पाहिलं. मग शाल काखेत मारली, उरलेले फेटे खांद्यावर टाकले आणि म्हणाले, "लई बराबर बोलली. चला!"

ती वरात मी जन्मात विसरणार नाही. निम्म्यांच्या डोक्यावर फेटे, निम्मे बोडके, एका प्रोफेसरांचा तर अर्धाच बांधलेला, शेमला फेटेवाल्याच्या हातात. बस घाटमाथ्यावर थांबली, मागोमाग गावकऱ्यांच्या जीपा आल्या. गुहा थोडी खाली, वाट मोठाल्या दगडांची. मॅडम पहिल्याच दगडावर थबकल्या. तेव्हा रांधणारी बाई आणि तिच्या दोघी जावा पुढं झाल्या. एकेक जणी एक पायरी खाली उतरून उभी राहायची, मॅडम तिच्या खांद्यावर हात टेकून पाय उतरवायच्या. कुणी घाई केली नाही. मी मागून त्यांची पर्स धरून चालले होते आणि पश्चिमेकडं बघायची हिंमत होत नव्हती.

पण ऊन होतं. गुहेच्या भिंतीवर ते आडवं पडलं होतं आणि मला कालपर्यंत ओरखडे वाटली असती अशी अक्षरं ओळीनं उभी होती. मॅडमनी हात जोडले. मग डोळे पुसून मोठ्यानं वाचायला लागल्या, आणि दर ओळीला थांबून बायकांना मराठीत सांगायला लागल्या: यज्ञ झाले, गाई दिल्या, घोडे दिले, हत्ती दिले.

"हत्तीबी?" एका जावेनं विचारलं.

"हो, हत्तीही."

त्यांचा चेहरा असा झाला होता की मलाच त्यांच्या वर्गात पहिल्या बाकावर बसावंसं वाटलं. एवढ्यात सरपंच फेटा घेऊन अदबीनं पुढं आले. मॅडमनी भिंतीवरची नजर न काढता हात वर केला.

"थांबा हं भाऊ. अजून थोडं राहिलंय."

"वाचा की, आजी," सरपंच म्हणाले. "आमाला काय घाई न्हाई." आणि फेटा मांडीवर घेऊन ते तिथंच दगडावर बसले. मग त्यांच्या मागं सगळं गाव बसलं, आणि भिंतीवर उजेड होता तोवर कुणीही उठलं नाही.