'समाप्त'नंतरचा मातीवीर

जेवण अंगावर आलेलं, डोक्यावर पंखा कुरकुरतोय, आणि श्रीरंग मेस्त्री झोपेच्या उंबऱ्यावर लवंडलेत, एक पाय आत, एक बाहेर. बाहेरचा पाय मघाच्या फोनमध्ये अडकलाय.

आज संध्याकाळी कोल्हापुरात 'वादळवीर' लागणार आहे, कित्येक वर्षांनी. संकलन श्रीरंग मेस्त्रींचं, म्हणजे सगळ्यांच्या आण्णांचं. थिएटरच्या ऑपरेटरनं फोनवर विचारलं होतं, "आण्णा, 'समाप्त'च्या पाटीपुढं थोडी फिल्म दिसतीय. चालवू?"

"नको. खराब आहे ती."

ती खराब नाही. तिच्यात हिंदुराव पोवार आहे, तालमीतला पैलवान. पाच वीर, पाच सिनेमे आणि शेवटच्यात सगळे एकत्र, असा बेत होता. प्रत्येक सिनेमाच्या 'समाप्त'नंतर पुढच्या वीराची झलक. पहिली झलक हिंदुरावची, मातीवीराची. ती कोणी पाहिलीच नाही, आणि दुसरा सिनेमा निघालाच नाही. "मी त्या सिनेमात हाय," असं हिंदुराव जन्मभर सांगत राहिला आणि गाव हसत राहिलं. आज त्याची मुलगी रत्नमाला येणार आहे, बाप खरं बोलत होता का ते बघायला.

पंखा थांबतो. खाटेच्या कडेला हिंदुराव बसलाय. तांबडा शेला, मोडलेले कान, अंगभर तालमीची माती. त्याला जाऊन बरीच वर्षं झालीत, हे आण्णांना माहीत आहे; पण आलेल्या माणसाला तसं तोंडावर कसं सांगणार? ते चहा विचारतात.

"चहा ऱ्हाऊ दे. दाढीचं बघा की आण्णा, किती वाढलीया."

आण्णांच्या गळ्याभोवती न्हाव्याचा कपडा आहे. सलूनच्या भिंतीवर आरशांपेक्षा पोस्टरं जास्त. वादळवीर आणि मातीवीर खांद्याला खांदा लावून. वीजवीर, धुकेवीर, शिवाय आण्णांच्या ओळखीचेही नाहीत असे कितीतरी. न्हावी वस्तरा परजत हिंदुरावला विचारतो, "पैलवान, पुढचा कधी येतोय? पोरगं जेवंना झालंय."

"दिवाळीला," हिंदुराव म्हणतो.

कपडा झटकला जातो तर ते चौकात उभे आहेत. मधोमध मातीवीराचा पुतळा. पहिला हार कोणी घालायचा यावरून दोन पक्ष हमरीतुमरीवर आलेत, म्हणजे पुतळा खरा मोठ्या माणसाचा असणार. एका झाडाखाली परदेशी पाहुणे मांडी घालून बसलेत. एक म्हातारा त्यांना शिकवतोय की 'समाप्त'नंतर काय दाखवायचं असतं.

"हे सगळं कधी झालं?" आण्णा विचारतात.

"तुम्ही बसून ऱ्हायलासा तवा."

आण्णांना कपड्यांनिशी उघडं पडल्यासारखं होतं.

चौकाची फरशी वाळू होते. वर तंबू आहे, जत्रेतल्या टॉकीजचा. समोर हिंदुरावचं गाव बसलंय, आणि पहिल्या रांगेत त्याची आई. खेळ संपत आला की कोण कसं उठतं त्यावरून माणसं ओळखावीत, हा आण्णांचा जुना छंद. पाटील आधी धोतर झटकतात. गुरुजी नायिकेच्या लग्नालाच चपला शोधतात. पण संपला की नाही हे ठरवायला सगळे बघतात शेवटी मागच्या खुर्चीकडं, सिनेमावाल्याकडं, म्हणजे आण्णांकडं. सिनेमावाला उठला की तंबू उठतो, आणि तंबू उठला की ऑपरेटर मशीन बंद करतो. रिकाम्या तंबूसाठी मशीनच्या दिव्यातल्या कार्बनच्या कांड्या कोण जाळत बसणार?

त्या दिवशी, या गावातल्या पहिल्याच खेळाला, आण्णा उठले होते. झलक त्यांनीच जोडलेली, तरी उठले. कारण फाटकाशी आधी पोचायचं होतं, बाहेर पडणाऱ्यांच्या तोंडून 'झकास' ऐकायला. एवढंच. याहून मोठं कारण त्यांना इतक्या वर्षांत सापडलेलं नाही, आणि शोधलं नाही असंही नाही. पुढं लाजेपोटी ते प्रत्येक ऑपरेटरला 'पट्टी खराब आहे' असंच सांगत राहिले.

पडद्यावर 'समाप्त' येतं.

हिंदुरावची आई पडद्याकडं बघत नाही. मान वळवून ती आण्णांच्या गुडघ्यांकडं बघतीय.

आणि गुडघे उठू लागतात. आण्णा खुर्चीचे हात धरतात, नको म्हणतात, पण गुडघ्यांना 'झकास' ऐकू येतंय. स्वप्नातसुद्धा. ते एवढे लाजतात की मान वर करवत नाही.

उजव्या खांद्यावर हात पडतो. पैलवानाचा, जड, गार.

"बसा की आण्णा. माझं अजून यायचंय."

"लोकांनी विचारलं तर? इतकी वर्षं का दाखवलं नाही म्हणून?"

"इच्यारतील की. मला न्हाई व्हय इच्यारलं?"

हात दाबतो. आण्णा खाली बसतात. मशीन चालू राहतं. पडद्यावर आखाड्याची माती हलते, फुगते, मधून एक मोडलेला कान वर येतो, आणि म्हातारी हळूच पडद्याकडं वळते.

पंखा कुरकुरतोय. चार वाजलेत. आण्णा उशीखालचा फोन काढतात.

"ती पट्टी चालव."

"खराब हाय म्हणला होता की."

"खोटं बोललो. आणि 'समाप्त'ला बत्ती लावू नको. मी उठलो, तरी लावू नको."

तोंड धुऊन ते आरशापुढं येतात. बनियनच्या उजव्या खांद्यावर तांबड्या मातीचा पंजा उमटलाय, चार बोटं आणि अंगठा. तालमीच्या मातीत मुरवतात त्या तेल, ताक आणि हळदीचा वास येतोय.

खुंटीवर धुतलेलं बनियन आहे. आण्णा ते तिथंच राहू देतात, आणि अंगातल्या बनियनवरच सदरा चढवतात.