चार सेकंदांचा चेहरा

एकोणीस वर्षांत तो पडद्यावर किती वेळा कोसळला, याची मोजदाद माझ्या वहीत आहे; त्याचा चेहरा दिसल्याची नोंद एकही नाही. मी संकलक होतो. नायकाच्या नावावर जमा झालेली त्याची प्रत्येक उडी माझ्या टेबलावरून गेली, आणि कोठे गालाची कड जरी दिसली, तरी तेवढा तुकडा कापून मी टोपलीत टाकीत असे. ते माझे काम होते. चेहरा न दाखवणे हे त्याचे. आम्ही दोघेही कामात चोख होतो.

युनिटमध्ये त्याला सगळे ‘गच्ची’ म्हणत, कारण शहरातली एकही गच्ची त्याने उडी मारल्यावाचून सोडली नव्हती. ज्या उस्तादाने त्याला डुप्लिकेटचे काम शिकवले, त्याची पद्धत साधी होती. उडी मारताना गाल दिसला, की तो कानावर खडा फेकून मारी. दोन वर्षे खडे खाल्ल्यावर गच्चीची मान आपोआप फिरू लागली. गुडघ्यांना बांधायच्या कापसाच्या गाद्या त्याची बायको घरीच शिवत असे. “तुमचं हाड न् हाड मला ओळखू येतं,” ती म्हणे, “जगाला नाही आलं म्हणून काय बिघडलं?”

मुलीचे मात्र तेवढ्यावर भागत नव्हते. ती नववीत होती. बाबा सिनेमात काम करतात, असे तिने वर्गात एकदा सांगितले, आणि “कुठं दिसतात?” या प्रश्नाला उत्तर नसल्यामुळे ती वर्षभर ‘थापाडी’ ठरली.

अशात आमच्या कंपनीच्या सर्वांत गाजलेल्या मारधाडपटाचा दुसरा भाग जाहीर झाला. वितरकांना तारखा दिल्या गेल्या, भिंतींवर नाव रंगले, आणि नायक दुसऱ्या, मोठ्या कंपनीकडे निघून गेला. आमचे निर्माते, ज्यांना आम्ही शेठ म्हणत असू, आता डोक्याला हात लावून बसतील असे वाटले होते. ते तिसऱ्या दिवशी हसतच आले.

“नायकाला अपघात होतो. चेहऱ्यावर शस्त्रक्रिया. बँडेज सुटतं आणि आत नवा चेहरा! चाल तीच, खांदे तेच. गच्ची, उभा राहा बरं. बघा, आहे काही फरक?”

“शेठ, मला बोलायला जमत नाही,” गच्ची म्हणाला.

“बोल म्हटलंय कुणी? उड्या मार!”

त्या रात्री मुलगी त्याला एवढेच म्हणाली, “बाबा, या वेळी समोर बघा हं.” हे वाक्य त्याने मला एका आठवड्यात चार वेळा ऐकवले.

एका रिकाम्या गोदामात अकरा दिवस चित्रीकरण चालले. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, असा कारभार होता. कच्ची फिल्म बेताची, म्हणून प्रत्येक उडी एकदाच. नोंदी ठेवायला वेगळा माणूस परवडत नसल्याने ती वही माझ्याकडे होती. बँडेज सुटण्याचे दृश्य त्याने बरे केले. ओळखपत्राच्या फोटोसाठी बसावे तसा तो ताठ बसला, पण कॅमेऱ्यात पाहिले. मग उड्या सुरू झाल्या. शेवटच्या दिवशी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

रिळे धुऊन यायला तीन आठवडे लागले. तोवर गोदाम मालकाच्या ताब्यात परत गेले होते आणि तेथे सिमेंटची पोती रचली गेली होती. मी पहिले रीळ लावले. गोदामाच्या छताच्या कठड्यावरून पाय सुटताक्षणी गच्चीची मान पलीकडे फिरली. दुसऱ्या उडीत तेच. मारामारीत तेच. एकतीसच्या एकतीस उड्यांत कॅमेऱ्याला मिळाली होती ती पाठ. हे चित्रीकरणाच्या वेळी एकालाही दिसले नाही, कारण एकोणीस वर्षे आम्ही त्याला असेच उडताना पाहिले होते. आमच्या डोळ्यांना तेच बरोबर वाटत होते. माझ्या वहीत प्रत्येक उडीपुढे ‘योग्य’ असा शेरा होता. अक्षर माझेच.

मी त्याला बोलावून घेतले. त्याने रीळ शेवटपर्यंत पाहिले.

“काका, मी नव्हतो वळलो.”

मी रीळ मागे घेऊन पुन्हा चालवले.

“मग हा कोण मान फिरवतोय?” त्याने विचारले.

“तूच.”

“अहो, पण प्रत्येक उडीला मी पोरीचं वाक्य मनात म्हणत होतो!”

शेठना मात्र आनंद झाला. “जित्याची खोड! अरे, ही तर लॉटरी लागली! पहिल्या भागातले नायकाचे उरलेले तुकडे काढा काका. करारानं ते आपलेच आहेत. पाठ याची, तोंड त्याचं. बँडेज सुटलं की आत जुनाच हिरो! नवा चेहरा हवाय कुणाला?”

“शेठ, माझा एखादा तरी…” गच्ची पुटपुटला.

“तुझी पाठ हिरो झालीय, पाठ! आणखी काय पाहिजे माणसाला?”

अठरा दिवस मी ते जोडकाम केले. उरलेल्या तुकड्यांपैकी निम्म्यांत नायकाला मिशी होती, निम्म्यांत नव्हती. मी तसे निदर्शनास आणून दिले. शेठ म्हणाले, “लोक मारामारी बघायला येतात, मिशी नाही.” गच्चीचा चेहरा असलेले सर्व तुकडे मी शिस्तीने काढून टाकले. एक ठेवला. दोन मारामाऱ्यांच्या मधे तो पिंपावर बसून पाणी पितो आणि समोर बघतो. चार सेकंद. आधीच्या दृश्यात नायकाचा चेहरा दिसून गेल्यावर त्याच सदऱ्यातला हा माणूस कोण, हे प्रेक्षकाला कळणार नाही, याची मला पूर्ण जाणीव होती. तरी मी तो ठेवला आणि त्याला सांगितले, “यात तू आहेस.” त्याने ते घरी सांगितले. प्रदर्शनाआधीच्या खाजगी खेळाच्या वेळी शेठ झोपले होते.

पहिल्या दिवशी दुपारच्या खेळाला मुलगी दोन मैत्रिणींना घेऊन आली. त्यांनी गच्चीला कधी पाहिले नव्हते. त्याने आणि मी त्यांच्या मागच्या रांगेत बसायचे, खेळ सुटल्यावर त्याने बाहेर तिकीट खिडकीपाशी थांबायचे आणि तिने ओळख करून द्यायची, असे बापलेकीत ठरले होते. त्याने इस्त्रीचा सदरा घातला होता.

थिएटर पाव भरले होते.

“अरे, मिशी कुठं गेली?” कोणी तरी ओरडले.

“बँडेजला चिकटून निघाली असेल!”

“थांब, पुढच्या उडीला उगवेल.”

मग ते चार सेकंद आले. गच्चीने माझे मनगट घट्ट धरले. पडदाभर त्याचा चेहरा होता.

“ए, हा कोण घुसला मधेच?”

“पाणीवाला असेल!”

“बाजूला हो रे बाबा, हिरोला येऊ दे!”

सारे थिएटर हसले. मैत्रिणीही हसल्या. मुलगी हसली नाही; तिची मान मला मागून दिसत होती, ती हललीही नाही.

“काय गं,” एकीने विचारले, “तुझे बाबा कधी येणार?”

“यात नाहीत ते. दुसऱ्याच सिनेमात आहेत.”

माझे मनगट सुटले.

चित्रपट संपण्यापूर्वीच गच्ची उठून गेला. मी मुलींच्या मागोमाग बाहेर आलो. ठरल्याप्रमाणे तो तिकीट खिडकीपाशी उभा होता. बाकी काही नाही, तरी दिलेली जागा त्याने कधी चुकवली नाही. मुली दारातून येताना दिसताच तो वळला आणि पायऱ्या उतरू लागला.

“ए, तो बघ!” एक मैत्रीण म्हणाली. “सेम हिरोसारखा चालतो ना?”

मुलगी त्याच्याकडे बघत राहिली. “हो,” ती म्हणाली. “अगदी तसाच.”

पायऱ्या सहाच होत्या. त्याला ऐकू गेलेच असणार. आता तरी तो मागे बघेल, म्हणून मी थांबलो. त्याची मान फिरलीही. पण फिरली ती पलीकडे, रस्त्याच्या बाजूला, आम्हाला गालाची कडदेखील दिसणार नाही अशी.