गट सोडला आणि तोफा थांबल्या

मंडळी, आज दुपारी आपापल्या घरी बसून आम्ही अंतराळातली लढाई जिंकलो.

मी लोहाऱ्यात आणि माझी नणंद सुनीता धाराशिवला, आम्ही दोघी एक ऑनलाइन अंतराळ गेम खेळतो. नव्या अपडेटमध्ये एकमेकांशी लढणारे गट आले. तिनं एक निवडला, मी दुसरा, आणि त्यात मी कप्तानही झाले. जोडीनं खेळा असं गेमच सांगतो, पण हे गटांच्या तोफांना कुणी सांगितलंच नाही.

आज तिचं मालवाहू जहाज माझ्या तळावर उतरायला आलं आणि माझ्या गटाच्या तोफा आपोआप सुरू झाल्या. ते जहाज तिनं चार महिने खपून बांधलेलं.

फोनवर ती रडकुंडीला आली. "वहिनी, तुमचीच माणसं मला मारायलीत की."

बिनगटाच्या जहाजावर कुणीच मारा करत नाही, पण जोडीनं खेळणाऱ्या दोघींनी मिळून सोडला तरच गट सुटतो, हे मला आठवलं. "गट सोडू आपण दोघी."

"तुमची कप्तानी जाईल. लई कष्टानं मिळवली तुम्ही."

"जाऊ दे. दाब बटण."

तोफा एकदम गप्प झाल्या. अर्धं जळालेलं जहाज डुलत डुलत माझ्या शेजारी उतरलं. कप्तान झाले त्या दिवशीसुद्धा मला एवढा आनंद झाला नव्हता.

तुम्ही कुणासाठी असं पद सोडलंय का?